मंजुळाताईंच्या तीन डब्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे सरव्यवस्थापक माननीय जितेश महाडिक साहेब, व्यासपीठावर विराजमान असलेले कामगार संघटनेचे अध्यक्ष भागोजी ढेबे, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती मंजुळा नाथू गमरे, पनवेलहून रजा टाकून आलेली त्यांची लेक दीक्षा, नाते गावाहून दोन जीप करून आलेली गमरे परिवारातील ज्येष्ठ मंडळी, माझे सर्व सहकारी, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पॅकिंग विभागातल्या माझ्या बहिणींनो... अगं पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, या की पुढे! मागे उभं राहायची सवय आम्हीच लावली तुम्हाला. आजच्या दिवस तरी बसा.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगते, मी शर्मिला उतेकर. राहणार पोलादपूर. या कारखान्याच्या चाचणी विभागाची प्रमुख. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. अध्यक्ष महोदयांनी सकाळी केबिनमध्ये बोलावून प्रेमाने बजावलं, "मॅडम, छान बोला, पण तांत्रिक काही नको. लोक कंटाळतात, भजी गार होतात." साहेब, क्षमा असावी. तांत्रिक बोलल्याशिवाय मंजुळाताईंबद्दल खरं बोलता येत नाही. आणि दुसऱ्या पद्धतीचं बोलणं मी नऊ वर्षं पुष्कळ केलं आहे.

आणखी एक. साडेपाचला भोंगा होतो. आज भोंगा झाला की मंजुळाताई निवृत्त होतात आणि त्यांची फाईल बंद होते. बंद झालेल्या फाईलमध्ये नंतर कोणी काही लिहीत नाही, हा आपल्याकडचा नियम. त्या फाईलमध्ये एक शेरा आहे. तो माझ्या रिपोर्टवरून पडला. भोंग्याच्या आत तो खोडला जावा, एवढ्यासाठी मी आज उभी आहे. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आता हे.

मंजुळाताई, खाली नका बघू. तुम्ही काही केलेलं नाही.

तर मंडळी, आपण इथे बनवतो काय? कागदोपत्री नाव मोठं आहे, ऑसिलेटर वगैरे. आपण सगळे डबी म्हणतो. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी पत्र्याची डबी. तिच्या आत स्फटिकाची एक चकती, आणि ती चकती कायम एकाच उबेत राहावी म्हणून भोवती चिमुकला ओव्हन. वीज दिली की ती चकती थरथरते, सेकंदाला एक कोटी वेळा. मोबाइलचा टॉवर, रेल्वेचा सिग्नल, सगळे या ठोक्यावर वेळ धरून चालतात. म्हणून त्या एक कोटीत डळमळ नको. किती नको? चांगल्या डबीचा एक ठोका मागेपुढे व्हायला अख्खा दिवस उलटावा, इतकी नको.

आणि ही चकती कोरी असताना भारी द्वाड असते. तिला गरम करून, दिवसचे दिवस चालू ठेवून, मुरवावी लागते. ते काम मंजुळाताईंचं. ओव्हनच्या खोलीत अठरा वर्षं. दर चार तासांनी नोंद, पाळी असो नसो. वहीतलं अक्षर बघा एकदा, मोत्याचं नाही, शेवग्याच्या शेंगेसारखं लांबट आहे, पण एक नोंद चुकलेली सापडणार नाही. मी शोधली आहे. का शोधली, ते पुढे येईलच.

त्यांचे यजमान नाथूकाका, आज ते नाहीत. नाते फाट्यावर त्यांचं पंक्चर काढायचं दुकान होतं. रिक्षावाला असो, एसटीचा ड्रायव्हर असो, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता काका सांगायचे, "मोबाइलच्या टावरमधी जी डबी असते ना, ती माझी मंडळी शिजवते." माझ्या स्कूटीचं पंक्चर काढताना मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, काका, मी त्याच कारखान्यात आहे. तर म्हणाले, "मग तुमाला ठावकीच असंल." आणि तरी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

आता नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट.

आपल्याला चाळीस डब्यांची एक मोठी ऑर्डर आली. गिऱ्हाइकाची अट अशी, की डबी एका सेकंदात किती डळमळते ते मोजून, लेखी द्या. आपल्याकडे तसं मोजायचं साधन नव्हतं. साहेब तेव्हा इथे नव्हते, आधीचे साहेब होते. त्यांनी मला सांगितलं, "उतेकर, साधन निवडा." केवढा आनंद झाला होता मला! गावातल्या शाळामास्तरांची मुलगी मी, आणि एवढ्या किमतीचं यंत्र माझ्या शिफारशीवर येणार.

दोन यंत्रं समोर आली. एक म्हणजे काउंटर. दिसायला देखणा, समोर हिरवे आकडे, बारा. बारा आकडे लुकलुकत उभे राहिले की माणूस आपोआप मान डोलावतो. दुसरा एक करडा डबा. त्याला आकडेच नाहीत. दोन डब्यांचे ठोके एकमेकांशेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातलं अंतर कसं सरकतं त्याची रेघ संगणकावर काढायची, एवढंच तो करणार. विकायला आलेला माणूस बिचारा घाम पुसत समजावत होता की मॅडम, तुमच्या कामाला हाच बरोबर आहे. मी त्याला विचारलं, "पण याच्यावर दिसत तर काहीच नाही!" खरं सांगते, हाच प्रश्न विचारला.

निवडताना मी काय विचारायला हवं होतं? की बाई, हा काउंटर मोजणार कशाच्या आधारावर? त्याच्या पोटातही एक डबीच असते. तीच त्याचं घड्याळ. ती डबी आपल्या डबीपेक्षा जास्त डळमळणारी असेल, तर समोर दिसणारी डळमळ कोणाची? माझ्या पुस्तकात हे पहिल्या धड्यात होतं. मोजणारा हा मोजायच्या वस्तूपेक्षा शांत हवा. परीक्षेत मी हे लिहून गुणही घेतलेले. पण समोर बारा आकडे होते.

माहितीपत्रकात शेवटून दुसऱ्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, त्याच्या पोटातली डबी किती डळमळते तेही छापलं होतं. ते पान मी उलटलं नाही. कॅन्टीनमध्ये पेढे वाटले. ढेबेकाका, तुम्ही दोन घेतले होते, आठवतंय ना?

काउंटर आला. हार घातला, नारळ फोडला. मंजुळाताईंनी मुरवलेल्या चाळीस डब्या एकेक करून लावल्या. चाळीसच्या चाळीस नापास! हव्या त्याच्या दहापट डळमळ. गिऱ्हाईक दारात, साहेब डोक्यावर. मंजुळाताईंना बोलावलं. त्या आल्या, हात पुसत. आकडे बघितले. एक डबी लावली, बघितली. दुसरी लावली, बघितली. सहा-सात डब्या स्वतःच्या हाताने लावल्या. मग म्हणाल्या,

"मॅडम, यो हलता आकडा माज्या डबीचा नाय. तुमच्या मशिनीचा हाय."

मी म्हटलं, कशावरून?

म्हणाल्या, "माझं माहेर तुडील. आमच्या दहा बाया सुकट घेऊन बाजारात बसतात. दहाजणींची सुकट तोलली न् दहाजणींची सारखीच उणी भरली, तर बाया चोर का काटा चोर? चाळीस डब्या चाळीस तऱ्हेच्या हायत मॅडम. कुणी तापट, कुणी थंड. सगल्या येकसारख्या कशा हलतील?"

सातवी शिकलेली बाई. जे मला निवडताना सुचायला हवं होतं, ते तिने सुकटीच्या तागडीवरून पाच मिनिटांत सांगितलं. आणि मी काय उत्तर दिलं, ऐका. मी म्हटलं, "मंजुळाताई, हे मशीन बारा आकडे दाखवतं." हे उत्तर झालं का? पण तेवढ्यावर ती बैठक संपली.

रिपोर्ट मी लिहिला. चाळीस नग नामंजूर. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. यंत्र नवं, हार घातलेलं, माझ्या शिफारशीचं. यंत्राचं नाव तिथे कसं लिहायचं? मी लिहिलं, "स्फटिक मुरवण्याच्या प्रक्रियेत दुर्लक्ष झाल्याची शक्यता." शक्यता! पुढे कार्यालयात त्या शक्यतेचा शेरा झाला. "निष्काळजीपणामुळे माल नामंजूर." ऑर्डर गेली. मंजुळाताईंना ओव्हनच्या खोलीतून काढून पॅकिंगला पाठवलं, तूर्त. ते तूर्त आज साडेपाचला संपतंय.

जरा पाणी देता का? ... आभारी आहे.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, मॅडम, चूक झाली, माणूस चुकतो. एवढंच असतं तर मीही भजी खाऊन घरी गेले असते. पण पुढच्या वर्षी तो काउंटर तपासणीसाठी बाहेर पाठवला. तिथून कागद आला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या काउंटरच्या पोटातली डबी एका सेकंदाच्या मोजणीत फार डळमळते, अमुक इतकी. मी तो आकडा माझ्या जुन्या रिपोर्टाशेजारी धरला. तोच आकडा! चाळीस डब्यांच्या नावावर मी जो लिहिला होता तोच. म्हणजे चाळीस वेळा मी काउंटरच मोजला होता.

मला कळलं, मंडळी. त्याच दिवशी, दुपारच्या चहाच्या आत कळलं. कागदाची घडी घातली आणि खालच्या खणात ठेवली. कुलूपही लावलं. म्हटलं, ऑर्डर तर गेलीच आहे. आता सांगून काय होणार? माझी बढती त्याच मार्चमध्ये होती.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळ पाहता आहात. मीही पाहते आहे. वीस मिनिटं आहेत.

त्याच वर्षीची, पावसाळ्याआधीची गोष्ट. मी नाते गावच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होते. नाथूकाका दुकानातून उठून आले. हात काळे होते म्हणून मागे धरलेले. त्या दिवशी टावरची गोष्ट काही काढली नाही. नंतर कळलं की ती गोष्ट त्यांनी सांगणंच बंद केलं होतं. लोकच विचारायचे म्हणे, "काय काका, मंडळीला काढली ना तिथून?" तर काका माझ्यासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. खरंच का हो मंजुळाचा हात हलला? ती बोलत नाय काय. रातची नुसती बसून असते."

कागद माझ्या खणात होता. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. एक शब्द. मी म्हटलं, "काका, रिपोर्ट तसाच आहे." खोटंही नाही बघा. रिपोर्ट तसाच होता.

काका म्हणाले, "बरं. तुमी शिकलेल्या. तुमाला कळतं." आणि एसटी आली. एकवीसच्या पुराच्या पुढच्या वर्षी काका गेले. मी तेराव्याला गेले होते. लाडू खाऊन आले.

दीक्षा, तुझंही एक देणं माझ्याकडे आहे. तू लोणेऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आपल्याच चाचणी विभागात अर्ज केला होतास. मुलाखतीच्या टेबलावर मी होते. तुझी उत्तरं सगळ्यांत चांगली होती. कोणीतरी म्हणालं, "हिच्या आईच्या फाईलवर शेरा आहे ना?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पेनाचं टोपण लावत बसले. आज तू पनवेलला कापडाच्या दुकानात उभी असतेस. तू माझ्याकडे बघत नाहीस हे ठीकच आहे.

आता या टेबलावरच्या तीन डब्यांकडे वळते. केव्हापासून त्यांच्यावर रुमाल झाकलाय, तुम्हाला वाटलं असेल पेढे आहेत.

तीन महिन्यांपूर्वी आपल्याकडे वीजसुरक्षेची तपासणी झाली. आमच्या विभागातली इंजिनिअर रंजिता कळंबे ती करत होती. पॅकिंगच्या मागच्या फडताळामागून तिला एक वायर जाताना दिसली. ओढून बघते तर वर, अगदी माळ्यावर, खोक्याआड, जुन्या बॅटरीला जोडलेल्या तीन डब्या. चालू! हाताला उबदार. स्टोअरचा माणूस म्हणाला, ते गमरेबाईंचं आहे, पावसाळ्यात चिकटपट्टी सादळू नये म्हणून. दुसरा म्हणाला, छे, त्यावर त्या जेवणाचा डबा गरम करतात. रिवाजाप्रमाणे अनधिकृत वीजजोडणीबद्दल मंजुळाताईंना मेमो निघाला. सही कोणाची? माझी. निवृत्तीला तीन महिने असताना, जुन्या शेऱ्यावर हा मेमो. आमचा हात अशा वेळी अजिबात हलत नाही.

रंजिता मात्र नुसता मेमो देऊन परत आली नाही. तिने विचारलं, "मंजुळाताई, या कुठल्या डब्या?" तेव्हा कळलं. त्या नामंजूर चाळिसातल्या. बाकीच्या भंगारात गेल्या, तीन यांनी मागून घेतल्या होत्या. तेव्हापासून चालू. एकवीसच्या पुरात पॅकिंगमध्ये छातीभर पाणी, तेव्हा बाईने काय वाचवलं? स्वतःची पिशवी वाहून गेली, आणि बॅटरीसकट तीन डब्या माळ्यावर चढवल्या. चालू असतानाच.

रंजिताने विचारलं, कशासाठी एवढं? तर उत्तर असं, "डबी बंद पडली की मुरलेली परत कोरी होते, पोरी. भुकेली ठेवायची नाय. कधी ना कधी कुणीतरी नीट मापील ना." आणि तीन का? एक पुरली असती की! "दोघींचं भांडण झालं तर साक्षीला तिसरी नको का?"

मंडळी, हे मी तुम्हाला समजावून सांगते, कारण यातच सगळं आलं. तुमच्याकडे डबीपेक्षा शांत असं मोजायचं साधन नसेल तर काय करायचं? अणूवर चालणारं घड्याळ आणा, असं सगळे सुचवतात. रुबिडियम! नाव ऐकूनच माणूस गार होतो. पण ते दिवसभराच्या हिशेबाला उत्तम. एका सेकंदात चांगली मुरलेली डबी त्यालाही मागे टाकते. म्हणून डब्या आपापसांत ताडायच्या. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पहिलीशी. दोनच असतील तर डळमळ दिसते, पण कोणाची ते कळत नाही. तिसरी आली की प्रत्येकीचं वेगळं काढता येतं. परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा हेच करतात. आणि पॅकिंगच्या माळ्यावर नऊ वर्षं हेच मांडून ठेवलं होतं. मोजायला तेवढं कोणी येत नव्हतं.

रंजिता हे सगळं घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, नवीन साधनं घ्यायची आहेत ना आपल्याला? तो करडा डबा पंधरा दिवस डेमोला मागवूया." मी नाही म्हणू शकले असते. खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती. का कोण जाणे, हो म्हटलं. थकले असेन.

डबा आला. तोच, आकडे नसलेला. आणायला माणूसही तोच, आता केस पिकलेले. त्याने मला ओळखलं, पण सभ्य माणूस, सरळ डबा टेबलावर मांडायला लागला. तिन्ही डब्या चालू ठेवूनच माळ्यावरून खाली आणल्या, मंजुळाताईंनी स्वतः. तीन दिवस जोडीजोडीने लावल्या. संगणकावर रेघ उमटायची. मी ती हलायची वाट बघत बसले होते. रेघ हलेना.

साहेब, हा रिपोर्ट. मी वाचते. "नग तीन. एका सेकंदातील डळमळ अपेक्षित मर्यादेच्या एक चतुर्थांशाहून कमी. या कारखान्यात आजवर मोजलेल्या सर्व डब्यांत सर्वोत्तम." कोणी म्हणेल, नऊ वर्षं चालू राहून आता सुधारल्या असतील. रास्त शंका आहे. म्हणून तो जुना काउंटरही लावला. त्याच्यावर याच सर्वोत्तम डब्या आजही नापास! नऊ वर्षांपूर्वीचाच आकडा. आणि त्या चाळीस डब्या ज्या चौदा दिवसांत मुरवल्या, त्या दिवसांची ओव्हनची वही मी शोधून काढली, एक नोंद चुकलेली मिळते का बघायला. एखादी मिळाली असती तर तेवढाच आधार झाला असता मला. नाही मिळाली.

आता आनंदाची बातमी सांगायची प्रथा आहे. आता चांगली साधनं येतील, मंजुळाताईंचे धडे नव्या मुली गिरवतील, वगैरे. तसं काही होणार नाही. पुढच्या महिन्यापासून ओव्हनची खोली बंद आहे. डब्या बाहेरून तयार येणार, आपण फक्त बसवणार. करडा डबा परत गेला. आणि मंजुळाताईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. म्हणजे हे सगळं ज्या दिवशी उपयोगाचं होतं तो दिवस गेला. तो मी खणात कुलूपबंद करून ठेवला होता.

सोमवारी मी पॅकिंगमध्ये गेले. खणातला जुना कागद आणि हा नवा, दोन्ही घेऊन. मंजुळाताई खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. कागद कधी आला, कुठे ठेवला, थांब्यावर काका काय म्हणाले, मी काय म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. विचारलं, "तिघी चांगल्या भरल्या ना?" म्हटलं, हो, तिघी. "मग बरं झालं." आणि आणखी दोन खोक्यांना पट्टी लावली. मला वाटलं, संपलं. मी वळले. तेव्हा पाठीमागून म्हणाल्या,

"ह्यांना सांगाया हवं होतं, मॅडम."

एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून, सभागृहाच्या साक्षीने, त्या दिवशी नाते गावच्या थांब्यावर द्यायचं उत्तर आज देते. ज्यांना द्यायचं ते ऐकायला नाहीत, हे ठाऊक असून देते. नाथूकाका, नाही. मंजुळाताईंचा हात हलला नव्हता. टावरमधली डबी तुमची मंडळी शिजवायची, आणि तिच्यासारखी इथे कोणी शिजवली नाही. गमरे मंडळी, फाट्यावर कोणी विचारलं तर हे असंच सांगा. माझं नाव घेऊन सांगा.

अध्यक्ष महोदय, आपल्यासमोर तीन कागद ठेवले आहेत. पहिला माझा कबुलीजबाब. त्यावर काय कारवाई करायची ती सावकाश करा, मी कुठे पळून जात नाही. दुसरा जुना शेरा आणि तीन महिन्यांपूर्वीचा मेमो रद्द केल्याचा आदेश, त्यावर आपली सही हवी. तिसरा गेटपास. एक डबी मंजुळाताईंना घरी न्यायची आहे. भंगार म्हणून मागितली असती तर शिपायानेही दिली असती, पण ती भंगार म्हणून फाटकाबाहेर जायची नाही. वस्तूच्या रकान्यात मी लिहिलंय, "ऑसिलेटर, एक नग." शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, "उत्तम, चालू स्थितीत." बॅटरी ढेबेकाका सोबत देताहेत. घरी जाईपर्यंत ती बंद पडू द्यायची नाही.

बाकी रीतीप्रमाणे. आपण सर्वांनी मला शांतपणे ऐकून घेतलंत, संयोजकांनी बोलायची संधी दिलीत, नाते गावच्या मंडळींनी उन्हातान्हात येण्याची तसदी घेतलीत, त्याबद्दल मनापासून आभार मानते. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कोणाचं नाव राहून गेलं असेल, वेळ फार घेतला असेल, तर तेवढं आपण पोटात घाला. नऊ वर्षांपूर्वी जे कमी-जास्त झालं, ते मात्र पोटात घालू नका. मंजुळाताई, तुम्ही तर मुळीच नका.

साहेब, सव्वापाच होऊन गेले. पेन कागदावरच ठेवलं आहे. धन्यवाद.